सगळ्यांसाठीचं दार

फार पूर्वी बांधाखालच्या बिळात एक उंदरीण राहायची. बिळाच्या बोळात ज्याचं त्याचं दार ठरलेलं होतं. वाट चुकलेला मात्र आल्या पावली परत जाई. तिला ते बघवेना. तिनं बोळाच्या तोंडाशीच, सगळ्या दारांच्या आधी, एक मोठं दार खणलं. कुणीही यावं!

"अगं, ते शेवटी ठेव," बेडूकमामा म्हणाले. "नाहीतर घरचेही तिथंच शिरतील."

"मामा, माझं पिल्लू आईचं दार विसरेल होय?"

पण पिल्लाला पहिलंच दार उघडं दिसे. ते तिथंच शिरे आणि परक्या पिल्लांच्या गर्दीत झोपून जाई. उंदरीण आपल्या दाराशी वाट बघत बसे. अखेर तिनं मोठं दार बुजवून बोळाच्या शेवटच्या टोकाला खणलं. पिल्लू कुशीत आलं, पण नुसतं तळमळत राहिलं.

"आई," ते म्हणालं, "इथं एकट्यानं झोप येत नाही गं."