आपल्या दारातली काठी

फार फार पूर्वी, समुद्र हाच होता पण राजे वेगळे होते, तेव्हाची ही गोष्ट. एका किनाऱ्यावर तीन गावं होती: वरचं, मधलं आणि खालचं. तिन्ही गावांतल्या बायका पहाटे उठून जात्यावर दळत आणि दिवसभर खांदे चोळत.

मधल्या गावात तुळाजी नावाचा सुतार राहायचा. बायकोच्या, गोजराच्या, हातांवरचे घट्टे बघून त्याच्या जिवाला चैन पडेना. दोन वर्षं खपून त्यानं वाऱ्यावर फिरणारी मोठी चक्की तयार केली. किनाऱ्यावर माडांच्या दाटीत वारा अडायचा, म्हणून ती उभी करायची होती समुद्रात. राजाला चक्की आवडली. पण तो म्हणाला, "पौर्णिमेपर्यंत तिन्ही गावांनी मिळून जागा ठरवा. नाहीतर हे सागवान माझ्या महालाच्या दारांना लागेल."

त्या राज्यात पाण्यावरच्या जागेचा निवाडा काठीनं होई. ज्या गावाला जी जागा पसंत, तिथं होडीनं जाऊन आपल्या निशाणाची काठी रोवायची; सगळ्या काठ्या एका जागी आल्या की जागा ठरली. काय गडबड उडाली म्हणता! ढोल वाजले, होड्या सुटल्या, म्हातारेकोतारेही वल्ही मारायला बसले. तुळाजीही मधल्या गावाच्या होडीत होता. आनंदानं त्याचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

होड्या परतल्या आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. वरच्या गावाची काठी मधल्या गावासमोर होती. मधल्याची खालच्यासमोर. आणि खालच्यांनी तर पार वळसा घालून आपली काठी वरच्यांच्या समोर ठोकली होती. चक्की सगळ्यांनाच हवी होती, फक्त शेजाऱ्याच्या दारात. कुणी म्हणे, आमचा मावळता सूर्य झाकेल. कुणी म्हणे, आमची मासळी बुजेल. भांडण हातघाईवर आलं, आणि पौर्णिमा उद्यावर. तुळाजी डोकं धरून वाळूत बसला. खालच्यांच्या दारात काठी रोवताना त्याचाही हात लागला होता.

गोजरा त्याच्याजवळ आली. "अहो, दुसऱ्याच्या पाण्यातलं तुम्हाला काय कळतंय? आपल्या पाण्यात कुठं चालेल ते सांगा की."

तुळाजी ताडकन उठला. त्यानं होडी लोटली, आपल्या गावाची काठी उपटली आणि आपल्याच पाण्याच्या बाहेरच्या टोकाला, तिन्ही गावांची पाणी जिथं भिडतात तिथल्या एका खडकाळ उथळ जागी रोवली. तिथं जाळी फाटत, म्हणून कुणी फिरकत नसे. मग त्यानं बाकीच्यांना हात जोडून सांगितलं, तुम्हीही आपापल्या पाण्यात शोधा.

आपलं पाणी प्रत्येकाला तोंडपाठ होतं. मासळी कुठं अंडी घालते, होड्या कुठून जातात, सगळं. पुन्हा ढोल वाजले, पुन्हा वल्ही चालली. वरचे उत्तरेकडून आले, खालचे दक्षिणेकडून, आणि संध्याकाळी तिन्ही काठ्या त्याच खडकावर अशा जवळजवळ उभ्या राहिल्या की एक होडी तिन्हींना बांधता आली असती!

"दिसेल मात्र सगळ्यांना," वरच्या गावचा पाटील कुरकुरला.

"दिसू दे की," गोजरा म्हणाली, "पीठही सगळ्यांनाच खायचंय."

राजानं शब्द पाळला, आणि पुढच्या पौर्णिमेला चक्की उभी राहिली. वारा आला, शिडं फुगली, भलंमोठं चाक गरगर फिरू लागलं आणि तिन्ही गावांत एकच जल्लोष झाला. पहिलं पीठ गोजरानं ओंजळीत घेतलं आणि तिला रडूच आलं. आणि तो कुरकुरणारा पाटील? चाक फिरतंय ना, हे बघायला रोज सकाळी सगळ्यांत आधी तोच वाळूवर येऊन उभा राहू लागला.

म्हणून मंडळी, सगळ्यांच्या सोयीची जागा शोधायची, तर सुरुवात आपल्या दारापासून करावी.