हात मांडीखाली

"मास्तर, मशीन चार्ज झालेलं आहे, चालू आहे, इथे समोर ठेवलेलं आहे. मग हा फुगा अजून हातानंच का दाबायचा?"

सौमित्र खैरनारने हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. या खेपेला आवाज जरा चढवूनच.

तडवी मास्तर खाटेच्या पायथ्याशी उभे राहून बाईची छाती वर-खाली होताना बघत होते.

बाईचं नाव रमिला पावरा. रात्री जमिनीवर झोपली असताना तिला मण्यार चावली. मण्यारीच्या चाव्याला ना धड दुखणं ना सूज. पहाटे तिच्या पापण्या मिटल्या त्या उघडेनात, मग हात उचलेना, मग श्वास अडकू लागला. डोंगरातल्या त्या छोट्या सरकारी दवाखान्यात आणल्या आणल्या डॉक्टरांनी घशात नळी घातली, विषावरचं औषध सुरू केलं आणि नळीला रबरी फुगा जोडला. दाबला की श्वास आत, सोडला की बाहेर. दवाखान्यात सगळे त्याला अंबू म्हणतात.

पहाटे चारपासून तो अंबू तिचा नवरा सायसिंग दाबत होता. कुंदा सिस्टर शेजारी बसून मोजत होत्या.

"दाब... सोड. दाब... सोड."

आता साडेनऊ वाजले होते. सायसिंगची बोटं वळली होती, तरी तो फुगा कुणाला देईना.

बाईला जिल्ह्याच्या दवाखान्यात हलवायचं होतं. अडीच तासांचा रस्ता, त्यातला निम्मा घाट. त्यासाठीच तर दप्तराएवढा तो फिरता व्हेंटिलेटर होता, अख्ख्या दवाखान्यात एकच. आणि त्याच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये जायचं होतं सौमित्रला.

एकट्याने. पहिल्यांदाच.

अट एवढीच होती, की तपासणीच्या वहीत तडवी मास्तरांची सही हवी. हयात तडवी हे या दवाखान्यातले जुने तंत्रज्ञ. बत्तीस वर्षं मशीनं सांभाळली, चार डॉक्टर आले नि गेले, पण ज्याच्या नावापुढे म्हाताऱ्याची सही नाही तो मशीन घेऊन फाटकाबाहेर पडला नाही. सौमित्र नाशिकहून कोर्स करून आला होता, वर्गात पहिला. गेले एकोणीस दिवस तो रोज सकाळी आठ वाजता मशीन तपासून वहीत "सर्व ठीक" लिहीत होता, आणि मास्तर रोज सकाळी ते वाचून वही मिटत होते. सही काही होत नव्हती. त्यामुळे स्वारी आतून चांगलीच पेटलेली होती.

"अंबूच्या श्वासाला काही हिशेब नाही, मास्तर. हा माणूस दमलाय. कधी जास्त दाबतो, कधी कमी. मशीन मोजून श्वास देतं."

"खरंय," मास्तर म्हणाले.

"मग?"

मास्तरांनी बाईच्या अंगावरची चादर सारखी केली.

"उशीर होतोय. बाईला काय, ती बेशुद्ध आहे. तिला फुगा काय अन् मशीन काय, काही कळत नाही. पण आपल्याला तर कळायला हवं ना?"

कुंदा सिस्टरांनी मान वर केली. काहीतरी बोलणार होत्या, पण मास्तरांनी नुसता हात वर केला आणि त्या पुन्हा मोजायला लागल्या.

मास्तर सौमित्रकडे वळले.

"आज तपासलंस?"

"आठ वाजता. नळ्या ठीक, गळती नाही, सिलिंडर भरलेला, बॅटरी पूर्ण. वहीत लिहिलंय."

"भरवसा आहे?"

"शंभर टक्के."

"मग बस."

"कुठे?"

मास्तरांनी पायाने एक स्टूल पुढे सरकवलं. मशीनच्या नळीला मास्क जोडला आणि तो सौमित्रच्या नाकातोंडावर ठेवून मागून पट्टे आवळले. चांगले घट्ट. सौमित्र हसला. कोर्समध्ये सगळ्यांनी असा मास्क एकदा लावून पाहिला होता, हसत-खिदळत, मोबाइलवर फोटो काढत.

"हात मांडीखाली घे," मास्तर म्हणाले. "मी सांगेपर्यंत काढायचे नाहीत. काही झालं तरी."

सौमित्रने दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबले.

मशीन सुरू झालं.

पहिला श्वास न मागताच आला. छाती आपोआप फुगली, आपोआप बसली. दुसरा आला तेव्हा सौमित्रला अजून नको होता, पण आला. तिसऱ्याला त्याला जरा लवकर हवा होता, पण मशीन आपल्या वेळेनेच आलं. मग हळूहळू जमलं. पडद्यावर हिरवी रेघ वर-खाली होत होती. त्याने मास्तरांकडे पाहून भुवया उडवल्या. बघा, चालतंय की नाही?

मास्तर वाकले आणि त्यांनी भिंतीच्या बोर्डातून मशीनचा प्लग काढला.

काही फरक पडला नाही. बॅटरीवर मशीन तसंच चालू राहिलं. सौमित्रने डोळ्यांनीच सांगितलं, चालू द्या.

एक मिनिट गेलं. दोन गेली.

मास्तर प्लग हातात धरून उभे होते. पलीकडे कुंदा सिस्टर मोजत होत्या. दाब... सोड.

चौथ्या मिनिटाला मशीन किंचाळलं.

सौमित्रने पडद्याकडे पाहिलं. बॅटरीचं चित्र लाल झालं होतं. असं कसं? सकाळी तर चारही रेघा भरलेल्या होत्या! त्याने मास्तरांकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या प्लगकडे, मग बोर्डाकडे. हातभर अंतर होतं. नुसतं वाकून खोचायचं होतं.

म्हातारा जागचा हलेना.

मशीन आणखी दोनदा किंचाळलं आणि मग पडदा काळा झाला.

श्वास आला नाही.

सौमित्रने ओढून पाहिलं. मास्क गालांना चिकटला, हवा आली नाही. त्याने मास्तरांकडे डोळे फाडून पाहिलं. मास्तर त्याच्याकडे पाहत होते, शांतपणे, मघाशी बाईच्या छातीकडे पाहत होते तसे. ओरडावं तर तोंडावर रबर. कानात नुसती घणघण...

दोन्ही हात मांड्यांखालून सुटले, पट्टे ओरबाडले गेले, मास्क उडून भिंतीवर आपटला.

"वेड लागलंय का तुम्हाला?" सौमित्र खोकत ओरडला. "मेलो असतो मी! मशीन बंद पडतंय ते दिसत होतं, प्लग हातात होता, अन् तुम्ही बघत बसलात?"

सायसिंग फुगा दाबत होता, पण त्याचीही नजर इकडेच होती.

"हात काढू नको म्हटलं होतं," मास्तर म्हणाले.

"अहो, श्वासच येत नव्हता!"

"हं..."

मास्तरांनी सिस्टरांकडे पाहिलं. "किती वेळ बसला?"

"मशीन थांबल्यावर?" सिस्टर फुग्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "सात सेकंद. मी सातच मोजले."

सौमित्रने मास्तरांच्या हातातून प्लग हिसकावला आणि बोर्डात खोचला. मशीन जागं झालं. बॅटरीच्या चारही रेघा भरलेल्या, हिरव्यागार. त्याने प्लग काढला. दोन क्षणांत पडदा काळा. पुन्हा लावला, चारही रेघा भरलेल्या. पुन्हा काढला.

काळा.

मग तो प्लग हातात घेऊन तसाच उभा राहिला.

एकोणीस दिवस त्याने त्या चार रेघा पाहिल्या होत्या. मशीन एकोणीस दिवस याच बोर्डाला लावलेलं होतं. भिंतीतून वीज येत होती तोवर रेघा भरलेल्याच दिसणार होत्या. आतली बॅटरी कधीच मेलेली होती, आणि एकदाही प्लग काढून तिला तपासावं असं त्याच्या मनात आलं नव्हतं. ॲम्ब्युलन्समधला चार्जिंगचा बोर्ड पंधरा दिवस नादुरुस्त होता, तेही त्यानेच वहीत लिहिलं होतं. दवाखान्याच्या फाटकापासून चार मिनिटांवर घाट सुरू होतो. पहिल्या वळणाच्या आसपास...

तो स्टुलावर बसला.

मास्तर खाटेकडे गेले. चादर बाजूला करून त्यांनी रमिलाच्या पायावर हात ठेवला.

"माय," ते हळूच म्हणाले. "घाबरू नको. मी तडवी. तुला ऐकू येऊ राहिलं ना? येत असेल तर पायाचं बोट हलव."

काही झालं नाही. फुगा दाबला गेला, सुटला. दाबला गेला, सुटला.

मग डाव्या पायाचं धाकटं बोट हललं. अगदी थोडं. मुंगी चढली की हलावं इतकंच.

सौमित्र स्टुलावरून उठला.

"अजून एकदा, माय."

बोट पुन्हा हललं.

"मण्यार अंग बांधते, बेटा," कुंदा सिस्टर म्हणाल्या. "जीव बांधत नाही. पहाटेपासून ती सगळं ऐकते आहे."

सगळं. सौमित्रला आपलेच शब्द आठवू लागले, एकामागून एक, आणि प्रत्येक शब्द कुणीतरी तोंडात मारावा तसा लागला. बाईला काय, ती बेशुद्ध आहे. काही कळत नाही. आणि मग मशीनचं किंचाळणं, आणि मेलो असतो मी! हे सगळं ती मिटल्या पापण्यांआड पडून ऐकत होती, आणि तिलाच त्या मशीनवर घालणार होते. तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून कानाकडे ओलाव्याची एक रेघ गेली होती. ती केव्हाची होती, कोण जाणे. त्याने आत्ता पाहिली.

त्याला भयंकर लाज वाटली.

तो सायसिंगपाशी गेला. सायसिंगने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे. मास्तरांनी मान हलवली. तेव्हा कुठे पहाटेपासून पहिल्यांदा सायसिंगने फुगा दुसऱ्याच्या हातात दिला.

"सावकाश, साहेब," तो म्हणाला. "तिला घाई आवडत नाही."

मशीन तिथेच राहिलं.

ॲम्ब्युलन्समध्ये एका बाजूला सौमित्र, एका बाजूला मास्तर, पायाशी सायसिंग. हात दुखून आले की मास्तर नुसता पंजा पुढे करत, फुगा या हातातून त्या हातात जाई, मध्ये एकही श्वास चुकत नसे. पाचेक मिनिटं गेली. मग सौमित्रच बोलू लागला. वर न पाहता, मास्तरांशी नाही, रमिलाशी.

"ताई, आता घाट लागलाय. गाडी डावीकडे कलेल, घाबरू नका."

दाब... सोड.

"ताई, समोरून ट्रक येतोय, म्हणून हॉर्न वाजतोय. तुमचे यजमान इथेच आहेत, पायाशी बसलेत."

दाब... सोड.

"ताई, घाट संपला."

सायसिंगने तिच्या डाव्या पायाचं बोट चिमटीत धरलं होतं. ते हललं की तो नुसतं "हो" म्हणायचा. जिल्ह्याच्या दवाखान्याच्या दारापर्यंत त्याने अकरा वेळा "हो" म्हटलं.

तिथे मोठं मशीन तयार होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, छाती चांगली राहिली आहे, पाच-सहा दिवसांत अंग हलायला लागेल. सायसिंग तिथेच फरशीवर बसला आणि गुडघ्यात डोकं घालून रडला.

बाहेर आल्यावर सौमित्रची बोटं सरळ होईनात. उजव्या तळव्याला मोठा फोड आला होता. त्याने काखेतली वही काढली, डाव्या हाताने कशीबशी उघडली. सकाळची नोंद तिथेच होती. सर्व ठीक.

"मास्तर, नवी बॅटरी आली की रोज प्लग काढून तपासेन. अर्धा तास. गाडीचा बोर्ड आजच दुरुस्त करून घेतो."

"हं."

"आणि अंबू कायम उशाशी ठेवेन. मशीन कितीही चांगलं असलं तरी."

"हं."

सौमित्रने वही पुढे केली. मग अगदी हळू आवाजात, पहिल्यांदाच खाली मान घालून त्याने विचारलं.

"मग... कराल का सही?"

मास्तरांनी वही हातात घेतली. त्या दोन शब्दांकडे बराच वेळ पाहिलं. मग वही मिटून त्याच्या काखेत परत ठेवली आणि ज्या दारातून रमिलाला आत नेलं होतं त्या दाराकडे पाहिलं.

"ती माय अजून हात मांडीखाली घेऊन बसलेली आहे. आधी ती उठू दे... मग तू पुन्हा त्या स्टुलावर बस. सहीचं त्यानंतर बघू."