न बांधलेला मारुती

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एक गुरव होता. माणूस कष्टाळू, पण चारचौघांना फार भ्यायचा. देवालाही तेवढा भीत नसेल.

गावाने दगडाचा नवा मारुती घडवायला दिला होता. तो आणायला गुरव बायकोला घेऊन आपल्या जुन्या मोटारीतून घाटावरच्या पाथरवटाकडे गेला. मूर्ती मांडीइतकी उंच, पण दोन पोती ज्वारीएवढी जड. चौघांनी ती उचलली आणि मोटारीची मागची सीट पाडून तिथे उभीच ठेवली.

पाथरवट दोरखंड घेऊन आला. "आडवी निजव आणि चारी बाजूंनी आवळ."

गुरवाने कानाला हात लावले. "मारुतीरायाला बांधू? चोर आहे का तो?"

"अजून प्राणप्रतिष्ठा कुठं झालीय? दगडच आहे. काल त्याच्यावर पाय ठेवून छिन्नी मारत होतो मी."

"तुमचं ठीक आहे हो. वेशीवर हलग्या घेऊन गाव उभं असेल. देव आवळलेला बघितला तर मला देवळाची पायरी चढू देणार नाहीत."

बायको म्हणाली, "अहो, वेशीच्या अलीकडं सोडू की दोर."

"कुणीतरी बघतंच," म्हणत गुरवाने मूर्तीला हार घातला आणि दोरखंड तिथेच टाकून मोटार सुरू केली.

घाट उतरायला लागला. पहिल्या वळणावर त्याने ब्रेक दाबला आणि मागून खर्रर्र आवाज आला. गुरवाने आरशात पाहिलं. मघाशी आरशात सबंध मारुती दिसत होता. आता नुसती छाती दिसत होती.

"अहो, सरकला."

दुसऱ्या वळणावर त्याच्या पाठीत सीटसकट धक्का बसला. ब्रेक दाबावा तर दगड मानेवर, न दाबावा तर मोटार दरीत.

पुढे रस्ता जरा सपाट झाला. बायको म्हणाली, "इथं हळूच थांबवा. पिशवीत माझं जुनं लुगडं आहे, त्यानं बांधू."

"लुगड्यानं? मारुतीला? गप बस. दोनच वळणं राहिलीत."

नवऱ्याच्या पाठीत पुन्हा दगड आदळू नये म्हणून उजवा हात मागे घालून तिने मूर्ती थोपवून धरली.

पुढच्या वळणापलीकडे मेंढरं होती. अख्खा रस्ता भरून. गुरवाने ब्रेकवर उभंच राहावं तसा पाय दिला. मोटार थांबली. मारुती थांबला नाही.

बायकोची किंकाळी दरीत घुमली. तिचा हात दगड आणि सीट यांच्यामध्ये कोपरापासून चिरडला होता. मेंढपाळांनी दगड ओढून काढला तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. वैद्याने जीव वाचवला, हात नाही वाचला.

मारुतीला ओरखडासुद्धा नव्हता. थाटात प्रतिष्ठा झाली. सगळ्या गावाने हात जोडले. गुरवाची बायको एकच हात छातीशी धरून उभी होती, आणि गुरवाला मान वर करून ना देवाकडे बघवत होतं, ना तिच्याकडे.

तात्पर्य: देव असो की दाणे, गाडीत चढवलं की ते ओझंच. निघायच्या आधी आवळून बांधा. ज्या लोकांच्या बोलण्याला भिऊन तुम्ही दोर टाकता, ते उतारावर दगड धरायला येत नाहीत.