धोटा आणि छत्री

"पण नुसते डोळे हलवून मनातली भीती जाते कशी? आधी ते सांगा!"

विश्वंभरशास्त्र्यांनी बसायच्या आधीच विचारलं. पाठशाळेत मनाची लक्षणं शिकवणारा माणूस तो. कारण कळल्याशिवाय साधा काढाही घ्यायचा नाही.

दस्तगीरबाबा मागावर दुपटं विणत होते. फकिरी घेतली, पण विणकाम काही सुटलं नव्हतं. घाबरलेली माणसं त्यांच्याकडे येत, मागावर धावणाऱ्या धोट्यामागे डोळे फिरवत आणि हसत परत जात, एवढं गावाला ठाऊक होतं.

"तुम्हाला पलीकडे जायचंय ना, शास्त्रीबुवा?"

शास्त्री नदीकडे पाठ करून बसले.

दोन वर्षांपूर्वी त्यांची नाव उलटली होती. तेव्हापासून नदी दिसली की छाती धडधडे आणि पाय माघारी वळत. आज पैलतीरावर लेकीच्या घरी नातीचं बारसं होतं.

"हा धोटा बघा. मान हलवायची नाही, नुसते डोळे. आणि ती नाव मनात आणा."

खटक्... खटक्... धोटा सूत घेऊन डावीकडून उजवीकडे धावला, उजवीकडून डावीकडे. शास्त्र्यांचे डोळे त्याच्यामागे.

माग थांबला. "काय दिसतंय?"

"पाणी... नाकातोंडात पाणी!" शास्त्र्यांना दरदरून घाम फुटला होता.

"बरं. चला पुढं."

खटक्... खटक्...

"आता?"

"पाणीच... पण नावाड्यानं दंडाला धरलंय."

"चला."

तिसऱ्या खेपेला माग थांबायच्या आतच शास्त्री फस्सकन हसले.

"बाबा, मी छत्री सोडली नव्हती हो! गळ्यापर्यंत पाण्यात, आणि डोक्यावर छत्री उघडी!"

बाबांनीही मागावर हात टेकून पोटभर हसून घेतलं.

शास्त्र्यांनी छातीवर हात ठेवून पाहिला. मनातली नाव उलटलेलीच होती, पाणीही तेवढंच होतं. छाती मात्र शांत. त्यांचे डोळे भरून आले.

पण जित्याची खोड! लगेच सरसावून बसले. "म्हणजे मन धोट्यात गुंततं म्हणून? की डोळ्यांमुळे? नेमकं शास्त्र काय?"

घाटावरून नावाड्याची हाळी आली.

बाबांनी दुपटं मागावरून कापलं, घडी केली आणि शास्त्र्यांच्या हातात ठेवलं.

"आधी हे नातीला पांघरवून या. मग सांगतो."