ठकूची आस्कंदाची मुळी

फार फार मागे, बोरदरीच्या डोंगरावरून गाडीवाट नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. आजारी माणूस असो की अडलेली बाई, पलीकडे न्यायचं तर डोलीतूनच. आणि डोली वाहणाऱ्यांत सोनबा भोई पहिला. ठकू त्याची एकुलती लेक. बापाच्या पिंढऱ्या तिला देवळाच्या खांबांसारख्या वाटायच्या.

एका साली तापाची साथ आली. सोनबा दोन महिने अंथरुणाला खिळला. ताप उतरला, पण मांड्यांवरचं मांस झडून गेलं. उभं राहिलं की पाय लटपटायचे.

"ठके, आता मलाच खांदा द्यायची वेळ आली गं."

"खांदा तुम्हीच देणार, आबा. डोलीला," ठकू म्हणाली, आणि परसात जाऊन रडली.

माळावर एक म्हातारी वैदीण उतरली होती. ठकूनं तिचे पाय धरले. वैदिणीनं तिला बांधावरचं आस्कंदाचं, म्हणजे अश्वगंधेचं, झुडूप दाखवलं. त्याच्या मुळीला घोड्याचा वास.

"दुधात उकळून दे. निर्गुडीच्या तेलानं मांड्या चोळ. पण पोरी, मुळी नुसतं बळ देती. पाऊल त्यालाच टाकावं लागंल."

ठकू रोज बापाला उठवी. तो चिडे, शिव्या देई. ती म्हणे, "द्या शिव्या, पण चालता चालता." पाच पावलांची पन्नास झाली, पन्नासांची पाणंद झाली.

दसऱ्याच्या सुमारास कुंभाराची सून अडली. भोई सगळे परगावी जत्रेला. सोनबानं डोलीची पुढची बाजू उचलली, मागची ठकूनं. तोवर बाईनं कधी डोली वाहिली नव्हती. असं म्हणतात, त्या दिवशी डोंगरानं पाठ वाकवली. असं म्हणतात, डोलीतल्या तांब्यातलं पाणी हिंदकळलंसुद्धा नाही. पलीकडे सुइणीच्या दारात बाळ रडलं, तेव्हा सोनबा खाली बसला, आपल्या पिंढऱ्या चाचपत राहिला आणि लेकीकडं बघून हमसून रडला.

पुढं ठकूनं किती माणसं उभी केली, त्याची मोजदाद नाही.

आता सडक झाली, डोल्या गेल्या. पण बोरदरीत अजून मार्गशीर्षात आस्कंद उपटतात, तेव्हा दर बांधावर एक झुडूप बियाला राखतात. त्याला 'ठकूचा वाटा' म्हणतात. आणि कुणी लांबच्या दुखण्यातून उठलं, की मुळी उकळायचं दूध त्याच्या घरचं असतं, पण त्याच्यासोबत चालायला अख्खी आळी निघते.