गोम खाणारा शेणकिडा

गायरानाला अजून कुणी कुंपण घातलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. तिथे शेणकिड्यांच्या तीन जाती नांदत होत्या. शेणाचा गोळा करून लांब नेणारे लोटे, शेणाखाली बीळ खणणारे खणे आणि शेणातच संसार थाटणारे बैठे. एके सकाळी तिथे एक परका शेणकिडा आला. तो शेणाला शिवेना. मेलेली गोम ओढून नेऊन खाई.

लोट्यांचा पुढारी गबाजी याच्या मनात लगेच शंकेची पाल चुकचुकली. “कोणत्या जातीचा रे तू?”

“ते कधी कुणी सांगितलंच नाही, दादा. भूक लागली की गोम शोधतो.”

“शेण सोडून शेणकिडा जगतो होय?” गबाजी चुलतभाऊ सदबाच्या कानात कुजबुजला. “याचा डोळा माझ्या गोळ्यावर आहे. तुझी वहिनी त्यात अंडं घालणार आहे. तू गोळा सांभाळ, मी याच्यावर नजर ठेवतो.”

दिवसभर गबाजी गवताआडून बघत बसला. परक्याने गोम खाल्ली, मिशा पुसल्या आणि सावलीत ताणून दिली.

संध्याकाळी गबाजी परतला, तर गोळाही नाही आणि सदबाही नाही. धुळीत गोळा लोटत नेल्याची रेघ होती, शेजारी उलट चालीची पावलं. उलटं चालत गोळा लोटायची रीत फक्त लोट्यांची. रेघ थेट सदबाच्या दारात गेली होती.

गबाजी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिला. एवढ्यात मागून बाकीच्यांची चाहूल लागली. त्याने घाईघाईने पायाने रेघ पुसली आणि तो ओरडला, “धरा त्या गोम खाणाऱ्याला!”