कुलपावरचं जाळं

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळा एकच, आणि ती घरची असल्यासारखे वागणारे नाईकनवरे सर. मी तिथला माळी. झाडांना पाणी घालता घालता सगळं कानावर येतं.

दुसऱ्या वर्षाची अस्मा मुजावर त्यांना म्हणाली, "सर, मला संशोधन शिकायचंय. पुढच्या प्रवेशाला अनुभव मागतात."

"माझ्या प्रयोगशाळेत रात्रंदिवस काम चालतं, पोरी. नवख्यांना तिथं जागा नाही. आधी बाहेर काहीतरी अभ्यासून ये."

पोरगी रोज प्रयोगशाळेच्या दाराशी बसू लागली. महिन्याभरानं सरांनी प्राचार्यांसमोरच हसत विचारलं, "काय, लागला का शोध?"

"कोळ्याचा अभ्यास केला, सर. तुमच्या दारावर कुलपापासून चौकटीपर्यंत त्याचं जाळं आहे. तिथंच अंडी फुटली, पिल्लं बाहेर पडली, पण जाळ्याचा एक धागा तुटला नाही. आत रात्रंदिवस काम करणारी माणसं शिरतात कुठून, तेवढं कळायचं राहिलंय."

प्राचार्यांनी किल्ली मागितली. ती काही सापडेना, तेव्हा मी हातोडी आणली. कुलपावर घाव घालायच्या आधी अस्मानं कोळ्याला काडीवर घेऊन जपून खिडकीत सोडलं.

"त्याला राहू द्या, मामा," ती म्हणाली. "इथं काम करणारा तो एकटाच होता."